बाळंतविड्याचा विणलेला संच : माप, टाके आणि क्रम

बाळंतविड्यात हाताने विणलेला स्वेटर द्यावा अशी हौस पुष्कळांना असते, आणि बारशाला तो चार जणींच्या हातांतून फिरतो, त्याचे कौतुकही होते. परंतु तो पुढे बाळाच्या अंगावर किती वेळा चढला, असे विचारले की उत्तर सहसा अवघडलेले येते. माझ्या हातूनही हे झाले आहे. सांगलीच्या पुतणीला मार्चमध्ये मुलगा झाला, तेव्हा मी अगदी बारशाच्या मापाचा स्वेटर विणून साताऱ्याहून घेऊन गेले. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्या पोराला सुती झबलेही सोसत नव्हते, आणि डिसेंबरात स्वेटर कपाटातून निघाला तेव्हा त्याच्या बाह्या कोपराच्या जेमतेम पुढे येत होत्या. विणकामात एकही टाका चुकलेला नव्हता. चुकले होते ते माप, आणि तेही टाके घालण्यापूर्वीच.

म्हणून या लेखात तयारीला अधिक जागा दिली आहे. येथे स्वेटर, टोपडे आणि पायमोजे असा संच घेतला आहे. सुलट, उलट, टाके घालणे व बंद करणे एवढे ज्यांना येते, त्यांना हा संच जमण्यास हरकत नाही.

टप्पा १ : महिना मोजून माप ठरवावे

बाळाच्या जन्माचा अपेक्षित महिना आणि आपल्याकडील थंडीचे दिवस, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ, यांमधील अंतर प्रथम बोटांवर मोजावे. मार्च-एप्रिलचे बाळ थंडीत आठ-दहा महिन्यांचे असते, जून-जुलैचे सहा महिन्यांच्या आसपास, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे एक ते तीन महिन्यांचे. स्वेटर त्या वयाच्या मापाचा असावा. बाळ महाबळेश्वर, पाचगणी किंवा कोयनेच्या बाजूला वाढणार असेल तर हिशोब बदलतो, कारण तेथे पावसाळ्यातही ऊब लागते आणि एप्रिलच्या बाळाला जुलैमध्येच तीन महिन्यांच्या मापाचा स्वेटर उपयोगी पडतो. माण, खटाव, जत, आटपाडीकडे मात्र दिवाळीपूर्वी लोकरीचे काम नसते.

छातीचा घेर तीन महिन्यांच्या बाळाचा साधारण ४० सेंटिमीटर, सहा महिन्यांच्या बाळाचा ४३ आणि वर्षाच्या बाळाचा ४६ सेंटिमीटर धरावा. आत सुती झबले असणार आणि बाळाला हात हलवायला जागा हवी, म्हणून विणलेल्या स्वेटरचा घेर त्याहून सात-आठ सेंटिमीटर अधिक ठेवावा. डोक्याचा घेर जन्मतः ३४-३५ सेंटिमीटर असतो, सहा महिन्यांनी ४३ आणि वर्षाने ४६ च्या आसपास जातो. खालील आकडे सहा ते नऊ महिन्यांच्या मापाचे, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर घेराच्या स्वेटरचे आहेत. तीन महिन्यांच्या आणि वर्षाच्या मापासाठी काय बदलावे ते पाचव्या टप्प्यात सांगितले आहे.

*इशारा :* काही घरांत बाळ जन्मण्यापूर्वी त्याची कोणतीही वस्तू घरात आणत नाहीत. अशा घरी सातव्या महिन्यातील डोहाळजेवणाला लोकर दाखवणेसुद्धा खटकते. संच आपल्याच घरी विणावा आणि पाचवी झाल्यानंतर किंवा थेट बारशाला द्यावा.

टप्पा २ : लोकर, सुया आणि इतर सामान

बाळासाठी चार पदरी, मऊ, 'बेबी' म्हणून विकली जाणारी लोकर घ्यावी. तिन्ही वस्तूंना मिळून १५० ते १७५ ग्रॅम लागते. विकत मात्र २०० ग्रॅम घ्यावी, आणि सर्व गुंड्यांवरील लॉट क्रमांक एकच आहे हे दुकानातच उजेडात पाहून घ्यावे. क्रमांक वेगळा असेल तर तोच पांढरा रंग स्वेटरच्या मध्यावर पिवळट पट्ट्यासारखा दिसतो, आणि आधीची लोकर संपल्यावर तो लॉट पुन्हा मिळेलच असे नाही.

मऊपणा हाताने पाहू नये, कारण रोजच्या कामाने आपली बोटे निबर झालेली असतात. गुंडा मानेच्या बाजूला आणि ओठांच्या वर क्षणभर घासून पाहावा. तेथे टोचले तर ती लोकर परत ठेवावी. केसाळ, फुलवलेली लोकर दिसायला गोंडस असली तरी तिचे तंतू सुटतात आणि बाळाच्या नाकातोंडात जातात, म्हणून ती टाळावी. 'आपल्या धनगरांची खरी लोकर का नको?' असे एकीने मला विचारले होते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. घोंगडीला ती उत्तम, बाळाच्या गळ्याला नव्हे.

अ‍ॅक्रिलिकची लोकर धुवायला सोपी आणि स्वस्त असते, परंतु ती विस्तवाजवळ वितळते आणि कातडीला चिकटते. आपल्याकडे अंघोळीनंतर बाळाला शेक-धुरी देतात. त्या वेळी बाळाच्या अंगावर किंवा बाळाला घेऊन बसणाऱ्या बाईच्या खांद्यावर अ‍ॅक्रिलिकचे काही नसावे, हे देतानाच स्पष्ट सांगावे.

सुयांच्या बाबतीत नवख्यांची हमखास चूक होते. आपल्याकडच्या सुयांवरील क्रमांक जसा मोठा, तशी सुई बारीक असते : ८ क्रमांक म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३ आणि १२ म्हणजे २.७५ मिलिमीटर. या संचाला १० क्रमांकाची मुख्य सुई आणि काठांसाठी १२ क्रमांकाची सुई लागते. स्वेटरच्या खांद्यापाशी सुईवर २४० टाके जमतात. साध्या सरळ सुयांवर ते इतके दाटतात की टोकाचे टाके निसटतात. म्हणून दोन टोकांमध्ये नायलॉनची तार असलेली, ६० किंवा ८० सेंटिमीटरची गोल सुई घ्यावी आणि तिच्यावर गोल न विणता सरळ सुयांप्रमाणे जाऊन-येऊन विणावे. याखेरीज मोजपट्टी, बोथट टोकाची दाभणासारखी सुई, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे चार छोटे फास खुणेसाठी आणि सहा चपटी बटणे जवळ ठेवावीत.

रंगाबद्दल एवढेच, की काजळ आणि मालिशचे तेल यांचे डाग शुभ्र पांढऱ्यावर जात नाहीत. पहिल्या संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी काळा संच हवा असेल तर जरूर विणावा, पण तो दिवसाच विणावा. रात्रीच्या दिव्यात काळ्या लोकरीचे टाके मोजता येत नाहीत.

टप्पा ३ : नमुना विणून, धुऊन, मग मोजणे

हा टप्पा सगळ्या जणी गाळतात आणि सगळी गडबड येथेच होते. १० क्रमांकाच्या सुईवर ३६ टाके घालून सुलट बाजूने सुलट व उलट बाजूने उलट असा १२-१३ सेंटिमीटर उंचीचा तुकडा विणावा. तो कोमट पाण्यात बुडवून, टॉवेलात दाबून, सावलीत आडवा वाळवावा. वाळल्यावर मधल्या भागात १० सेंटिमीटरला खुणा करून टाके मोजावेत. काठाचे टाके धरू नयेत, कारण ते नेहमी ओढलेले असतात.

१० सेंटिमीटरला २८ टाके आणि सुमारे ३६ सुया (येथे एक सुई म्हणजे एक ओळ) यायला हव्यात. ३० टाके आले तर आपला हात घट्ट आहे. ९ क्रमांकाची सुई घ्यावी. २६ आले तर हात सैल आहे. ११ क्रमांकाची घ्यावी. दोन टाक्यांनी काय होते, असे वाटणे साहजिक आहे. त्याच स्वेटरचा घेर ३० टाक्यांच्या हाताने ४८ सेंटिमीटरही भरत नाही, आणि २६ टाक्यांच्या हाताने ५५ सेंटिमीटर होतो.

*तपासणी :* नमुना मोजताना मोजपट्टी ताणली जात नाही ना, आणि तुकडा हाताने सपाट करण्याच्या नादात रुंदावला जात नाही ना, हे पाहावे. दोन ठिकाणी मोजून एकच आकडा आला तरच पुढे जावे.

टप्पा ४ : वेळेचा हिशोब

या स्वेटरात सुमारे २०,००० टाके आहेत. मिनिटाला १५ टाके विणणारीला त्याला बावीस-तेवीस तास लागतात, म्हणजे रोज तासभर बसले तर तीन आठवडे, आणि उसवण्याचे दिवस वेगळे. बाळ अपेक्षित तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीही येते व बारसे बाराव्या दिवशी असते. त्यामुळे सातव्या महिन्यात सुरुवात करणे बरे.

टप्पा ५ : स्वेटर, गळ्यापासून खाली

पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या वेगवेगळ्या विणून शिवण्यापेक्षा गळ्यापासून एकसंध विणलेला स्वेटर बाळाला अधिक चांगला, कारण त्यात टोचणाऱ्या शिवणी जवळजवळ नसतात. पुढून उघडा असल्याने तो डोक्यातून घालावा लागत नाही. मान न धरणाऱ्या बाळाला डोक्यातून काही घालणे म्हणजे घालणारीची आणि बाळाची दोघांचीही परीक्षा असते.

*गळा.* ८० टाके घालावेत. घालताना ८ क्रमांकाची जाड सुई वापरावी, म्हणजे गळ्याची कड ताणली जाईल; मग १२ क्रमांकाची सुई घेऊन सहा सुया नुसत्या सुलट विणाव्यात. तिसऱ्या सुईवर पहिले काज करावे : सुरुवातीचे दोन टाके सुलट, लोकर सुईवर एकदा फिरवून घ्यावी, पुढचे दोन टाके एकत्र विणावेत, नंतरचा टाका सुलट. दोन्ही टोकांचे पाच-पाच टाके ही बटणपट्टी आहे आणि ती वरपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंनी, नेहमी सुलटच विणावयाची आहे. पुढची काजे याच पट्टीवर, २१, ३९, ५७, ७५ आणि ९३ व्या सुईवर येतील. हे आकडे आधीच कागदावर लिहून ठेवावेत, कारण काज राहून गेल्याचे स्वेटर संपल्यावरच लक्षात येते.

*वाढ.* आता १० क्रमांकाची सुई घ्यावी. सातव्या सुईवर टाक्यांची विभागणी करून मध्ये खुणेचे फास अडकवावेत : १६ टाके पुढचा भाग, १० बाही, २८ पाठ, १० बाही, १६ दुसरा पुढचा भाग. याच सुईपासून प्रत्येक सुलट सुईला प्रत्येक फासाच्या आधी एक आणि नंतर एक, असे एकूण आठ टाके वाढवावेत. उलट बाजूची सुई न वाढवता उलट विणावी, पट्टीचे टाके तेवढे सुलट. टाका वाढवण्यासाठी दोन टाक्यांमधला आडवा दोरा उचलून पिळून विणावा. नुसती लोकर सुईवर फिरवली तर जाळी पडते, आणि बाळाचे बोट नेमके तेथेच अडकते.

अशी वाढ २० वेळा करावी. तीन महिन्यांच्या मापाला १८ वेळा, वर्षाच्या मापाला २३ वेळा; गळ्याचे टाके तिन्हींत तेवढेच राहतात.

*तपासणी :* पाच वाढींनंतर सुईवर १२० टाके, दहानंतर १६०, पंधरानंतर २००, विसानंतर २४०. दहाव्या वाढीला प्रत्येक भाग वेगळा मोजावा : पुढचे भाग २६-२६, बाह्या ३०-३०, पाठ ४८. एकूण बेरीज बरोबर आली तरी एका बाहीत दोन टाके कमी आणि पाठीत दोन जास्त असू शकतात. माझ्या एका स्वेटराची डावी बाही उजवीपेक्षा बारीक झाली ती अशीच, आणि तो मला २१० टाक्यांपर्यंत आल्यावर उसवावा लागला.

*बाह्या वेगळ्या करणे.* विसाव्या वाढीनंतरची उलट सुई झाल्यावर पुढच्या सुलट सुईवर ३६ टाके विणावेत, बाहीचे ५० टाके वेगळ्या रंगाच्या जाड दोऱ्यावर काढावेत, काखेसाठी ४ नवीन टाके घालावेत, पाठीचे ६८ विणावेत, दुसरी बाही तशीच काढून पुन्हा ४ टाके घालावेत आणि उरलेले ३६ विणावेत. सुईवर १४८ टाके उरले पाहिजेत. बाहीचे टाके धरणारा दोरा पुरेसा लांब असावा आणि त्याची दोन्ही टोके एकमेकांना बांधावीत. आखूड दोऱ्यातून निसटलेला टाका खाली ओघळत जातो.

*अंग.* येथून ३६ सुया साध्या (सुलट बाजूने सुलट, उलट बाजूने उलट) आणि शेवटच्या १४ सुया १२ क्रमांकाच्या सुईवर नुसत्या सुलट विणून टाके सैल बंद करावेत. लहान मापाला साधा भाग सुमारे दोन सेंटिमीटर कमी आणि वर्षाच्या मापाला तेवढाच अधिक ठेवावा. नवीन गुंडा जोडावा लागला तर काखेच्या रेषेवर जोडावा. पट्टीच्या काठाला जोडलेली टोके बटण लावता-काढता बाहेर येतात. गाठ मात्र कोठेही मारू नये.

*बाह्या.* दोऱ्यावरचे ५० टाके सुईवर घ्यावेत, दोन्ही टोकांना दोन-दोन घालून ५४ करावेत. दर सहाव्या सुईला दोन्ही टोकांकडील एकेक टाका घटवावा, असे सहा वेळा करून ४२ टाके राहतात. एकूण ४२ सुया झाल्या की १२ क्रमांकाच्या सुईवर एक सुलट-एक उलट असा साडेतीन सेंटिमीटरचा काठ विणावा. काठ सहा सेंटिमीटरचा ठेवून दुमडला तर बाळ वाढेल तसा तो सोडता येतो, आणि मला हेच अधिक पसंत आहे. दुसरी बाही विणताना अंदाजावर जाऊ नये; पहिल्या बाहीच्या सुया मोजून तेवढ्याच कराव्यात.

टप्पा ६ : टोपडे

१० क्रमांकाच्या सुईवर ११४ टाके घालावेत. त्यांतील कडेचा एकेक टाका शिवणीचा. पाच सेंटिमीटर एक सुलट-एक उलट विणावे, म्हणजे कान नीट झाकतात, मग साधे विणत एकूण ११ सेंटिमीटरपर्यंत जावे. मधल्या ११२ टाक्यांचे १४-१४ चे आठ भाग करून प्रत्येक भागातील शेवटचे दोन टाके एकत्र विणावेत. पुढे प्रत्येक सुलट सुईला तसेच करावे. बारा वेळा घटवल्यावर मधले १६ टाके उरतात. ते दोन-दोन एकत्र विणून, उरलेल्या टाक्यांतून लोकर ओढून घट्ट करावी आणि मागची शिवण घालावी.

घेर साधारण ४० सेंटिमीटर भरतो आणि तो ४३-४४ सेंटिमीटरच्या डोक्यावर ताणून बसतो. बाळ जवळ नसेल तर चौदा सेंटिमीटर व्यासाचा स्टीलचा डबा शोधून त्यावर घालून पाहावे. कड डब्यावर ओढूनताणून चढली तर टाके घालतानाच हात घट्ट झाला होता. साध्या भागात उपाय करून उपयोग नाही, पुन्हा घालावेत.

*इशारा :* हनुवटीखाली बांधायच्या नाड्या लावू नयेत, आजीने कितीही आग्रह केला तरी. नाडी गळ्याभोवती आवळू शकते. गोंडा हवाच असेल तर तो टोपड्याच्या लोकरीनेच आतून शिवावा. तसेच घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर विणलेले टोपडे ठेवू नये. बाळ जादा ऊब डोक्यावाटे बाहेर टाकते, आणि टोपडे घसरून तोंडावरही येते.

टप्पा ७ : पायमोजे

४० टाके, एक सुलट-एक उलट, पाच सेंटिमीटर. मग टाक्यांचे १३, १४, १३ असे भाग करून फक्त मधले १४ पाच सेंटिमीटर विणावेत. या जिभेच्या दोन्ही काठांवरून १२-१२ टाके उचलले की सुईवर ६४ होतात. त्यांवर दहा सुया नुसत्या सुलट विणून टाके बंद करावेत आणि तळवा व टाच शिवून घ्यावी. सुमारे दहा सेंटिमीटरच्या पावलाला ते बसतात. घोट्यापाशी नाडी नको. काठाची पकड पुरते.

*तपासणी :* मोजा उलटा करून आत करंगळी फिरवावी. आत सुटलेला एक धागाही राहू नये. तो बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट सुजते, आणि बाळ का रडते हे कोणाला उमगत नाही.

टप्पा ८ : टोके, शिवण आणि बटणे

लोकरीची टोके दाभणाने पाच-सहा सेंटिमीटर एका दिशेने ओवून, मग थोडी उलट दिशेने परत आणावीत आणि तेव्हाच कापावीत. बाह्यांच्या शिवणीत दोन्ही कडा एकमेकींवर न ठेवता शेजारी-शेजारी लावून आडवे दोरे एकाआड एक उचलत जावे, म्हणजे आत उंचवटा राहत नाही.

बटणे शेवटी लावावीत, आणि लोकरीने नव्हे तर पक्क्या शिवणदोऱ्याने, पट्टीच्या आतल्या बाजूला कापडाचा लहान तुकडा ठेवून. लावल्यावर प्रत्येक बटण चिमटीत धरून जोरात ओढून पाहावे. आपल्या ओढण्याने जे हलते ते बाळाच्या तोंडात सुटते. मोती, घुंगरू, टिकल्या यांची हौस दुसरीकडे भागवावी.

टप्पा ९ : धुणे, ठेवणे, देणे

संच न धुता देऊ नये. महिनाभर तो आपल्या मांडीवर, पिशवीत आणि एसटीत फिरलेला असतो. सौम्य पातळ साबण घातलेल्या कोमट पाण्यात बुडवून हलके दाबावा, पिळू नये, टॉवेलात गुंडाळून पाणी काढावे आणि सावलीत आडवा वाळवावा. दोरीवर टांगलेल्या ओल्या स्वेटरच्या बाह्या लांबतात. टोपडे उपड्या डब्यावर वाळवावे. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री लावू नये; एकदा चपटे झालेले विणकाम पुन्हा फुगत नाही.

थंडी यायला अवकाश असेल तर संच सुती कापडात गुंडाळून ठेवावा. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत कधीही घालू नयेत : त्यांतील नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या, विशेषतः जन्मतः जी-६-पी-डी या रक्तपेशींतील विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या, तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कडुनिंबाचा वाळलेला पाला वेगळ्या पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवला तरी चालते.

देताना संचाबरोबर दहा-पंधरा ग्रॅम उरलेली लोकर, एक जादा बटण आणि एक चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीत धुण्याची पद्धत, आत सुती झबले घालण्याची सूचना आणि धुरीजवळ न नेण्याची ताकीद असावी. तिच्यावर 'डिसेंबरात घालावा' हेही ठळक लिहावे, म्हणजे बारशाच्या दिवशी भर उन्हाळ्यात फोटोपुरता चढवा असा आग्रह कोणी धरला, तर बाळाच्या आईला ती चिठ्ठी पुढे करता येते.